विश्लेषण : कमांड तीच, उत्तर वेगळे… संगणकातील अदृश्य ‘वातावरण’ नेमके काय बदलते?

समजा, एकाच कार्यालयात दोन सर्व्हर आहेत. दोन्हींवर प्रणाली तीच, फाइल तीच आणि टाइप केलेली कमांडही अक्षर न अक्षर तीच. तरीही ‘मराठी’ या शब्दात चिन्हे किती, या प्रश्नाला एक सर्व्हर पाच असे उत्तर देतो आणि दुसरा पंधरा. यंत्र बिघडलेले नसते, कमांडही चुकलेली नसते. फरक असतो तो कमांडच्या मागे उभ्या असलेल्या, पडद्यावर कुठेही न दिसणाऱ्या काही नोंदींचा. या नोंदींना ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ म्हणतात. मोठ्या सर्व्हरपासून खिशातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत सगळीकडे त्या असतात. त्या बदलणाऱ्या कमांड कोणत्या, बदलाचा परिणाम कुठपर्यंत पोहोचतो आणि ही माहिती नीट लिहून ठेवलेली नसेल तर काय होऊ शकते, याचा हा आढावा.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय?

चित्रांवर टिचकी मारून काम करण्याची सवय असलेल्यांना कमांड-लाइन म्हणजे काळ्या पडद्यावरची गूढ अक्षरे वाटतात. प्रत्यक्षात तो संगणकाला लिहून दिलेला हुकूम असतो. ‘या यादीचा क्रम लाव’, ‘या फाइलची प्रत कर’, ‘आजची तारीख सांग’. हुकूम लहान असतो, कारण बऱ्याच गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. तारीख कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे? क्रम कोणत्या भाषेच्या नियमाने? मजकूर दुरुस्त करायचा तर कोणते एडिटर उघडायचे? प्रत्येक वेळी हे सगळे टाइप करत बसणे शक्य नाही. म्हणून ते एकदाच नाव आणि किंमत अशा जोडीने नोंदवून ठेवतात. ‘टीझेड’ नावासमोर ‘आशिया/कोलकाता’, ‘एडिटर’ नावासमोर एडिटरचे नाव, ‘होम’ नावासमोर वापरकर्त्याच्या फोल्डरचा पत्ता.

आज ज्या रूपात ही सोय आहे ती १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर, स्टीफन बोर्न यांच्या शेलसोबत आली. शेल म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचून ती चालवणारा प्रोग्राम. पुढे डॉस, विंडोज, लिनक्स, मॅक अशा सगळ्यांनी ही कल्पना उचलली.

तिचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य मात्र वारशाचे आहे. एखादा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला सुरू करतो तेव्हा आपल्याकडच्या नोंदींची एक प्रत त्याच्या हाती देतो. प्रवासाला निघालेल्या मुलाच्या हाती घरून शिदोरी द्यावी तसे. मुलाने वाटेत शिदोरीत भर घातली, काही टाकून दिले, तरी घरच्या डब्यांना धक्का लागत नाही. म्हणजे बदल आईबापाकडून लेकराकडे जातो, उलट कधीही जात नाही. पुढे येणारे बहुतेक घोळ या एका नियमातून निघतात.

उत्तर वेगळे येते ते कसे?

‘मराठी’ शब्दाचेच पाहू. माणूस म, रा, ठी अशी तीन अक्षरे मोजतो. युनिकोडच्या हिशेबात काना आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे आहेत, त्यामुळे पाच भरतात. यूटीएफ-८ या पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, एकूण पंधरा. चिन्हे मोजणारी ‘डब्ल्यूसी -एम’ ही कमांड पाच म्हणणार की पंधरा, हे ‘एलसी_ऑल’, ‘एलसी_सीटाइप’ आणि ‘लँग’ ही व्हेरिएबल ठरवतात. त्यांत यूटीएफ-८ असलेली भाषा नोंदवलेली असेल तर पाच. ‘सी’ ही मूळची सर्वसामान्य व्यवस्था असेल, किंवा काहीच नोंदवलेले नसेल, तर कमांड प्रत्येक बाइटला एक चिन्ह समजते. आजकाल सॉफ्टवेअर चालवण्यासाठी जे डबाबंद ‘कंटेनर’ वापरतात, त्यांतल्या अनेकांत भाषेची नोंदच नसते. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर बरोबर चाललेले काम तिथे गेल्यावर देवनागरी नावांचे तुकडे पाडते, ते यामुळे. फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ कमांडही अशा ठिकाणी देवनागरी नावांऐवजी प्रश्नचिन्हे किंवा आकड्यांच्या रांगा दाखवते. फाइल शाबूत असते. फक्त दाखवणाऱ्याला ती वाचता येत नाही.

क्रम लावण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. काळे, कावळे, कासार अशी आडनावे ‘सॉर्ट’ या कमांडला दिली आणि वातावरणात ‘सी’ व्यवस्था असली, तर ती याच क्रमाने येतात. कारण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. मराठी मुळाक्षरांत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. त्या हिशेबाने कावळे, कासार आणि मग काळे असा क्रम हवा. ‘क्ष’चेही तसेच. शाळेच्या तक्त्यात त्याचे घर शेवटी, पण संगणकाच्या साठवणीत तो ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असा फुटलेला असतो, म्हणून क्षीरसागर ‘क’च्या गटात जाऊन बसतात.

हा नुसता सौंदर्याचा मुद्दा नाही. दोन याद्या एकमेकींशी जुळवणारी ‘जॉइन’ ही कमांड दोन्ही याद्या एकाच क्रमनियमाने लावलेल्या आहेत असे गृहीत धरते. एक यादी एका वातावरणात लावली, जुळवणी दुसऱ्या वातावरणात केली, की काही नावे जुळतच नाहीत. लाभार्थ्यांची किंवा परीक्षार्थींची यादी असेल तर गळालेल्या नावाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

वेळेचा घोळ सर्वांत जास्त वेळा होतो. सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. १ एप्रिलला पहाटे २ वाजता आपोआप तयार होणारा अहवाल यूटीसीच्या हिशेबाने ३१ मार्चला रात्री ८.३० वाजता तयार होतो. ‘डेट’ कमांडने दिलेली तारीख फाइलच्या नावात घातली असेल, तर नव्या आर्थिक वर्षाची पहिली नोंद जुन्या वर्षात जमा होते. ‘टीझेड’ हे व्हेरिएबल ‘आशिया/कोलकाता’ केले की प्रश्न सुटतो. पण तिथेही एक मेख आहे. कोणी उत्साहाने ‘आशिया/पुणे’ असे लिहिले, तर असे नाव कालविभागांच्या कोशात नाही; तरीही बहुतेक लिनक्स यंत्रणा तक्रार करत नाहीत. त्या गुपचूप यूटीसी वेळ दाखवतात आणि शेजारी ‘आशिया’ असे लेबलही लावतात. चूक समोर असूनही ती बरोबर असल्यासारखी दिसते.

काही देशांत दशांशचिन्ह म्हणून टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. जर्मन भाषेची नोंद असलेल्या संगणकावर काही कमांड ३.१४ हा आकडा ३,१४ असा छापतात. पुढचा प्रोग्राम स्वल्पविरामाला दोन रकान्यांमधली सीमा समजत असेल, तर एका आकड्याचे दोन होतात.

बदल कोण करते आणि तो किती काळ टिकतो?

खरी गुंतागुंत इथे आहे. व्हेरिएबल बदलण्याचे मार्ग अनेक आणि प्रत्येकाचे आयुष्य वेगळे. कमांडच्या आधी त्याच ओळीत नाव आणि किंमत लिहिली तर बदल त्या एका कमांडपुरता. ‘एक्स्पोर्ट’ केले तर ती खिडकी बंद होईपर्यंत आणि तिथून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला. शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहून ठेवले तर पुढे उघडणाऱ्या खिडक्यांना. आधीच उघडलेल्या खिडकीला त्याचा पत्ताही नसतो. ‘एक्स्पोर्ट’ न करता नुसतीच किंमत दिली, तर ती शेलपाशीच राहते आणि इतर साधनांना दिसत नाही. पडद्यावर छापून पाहिली तर मात्र दिसते, म्हणून नवशिके तासन् तास चक्रावतात.

वारशाचा एकमार्गी नियम आठवला तर आणखी एक कोडे सुटते. एखादी स्क्रिप्ट चालवून व्हेरिएबल बदलले, तरी स्क्रिप्ट संपताच बदल नाहीसा होतो, कारण स्क्रिप्ट हे लेकरू होते. बदल आपल्याच शेलमध्ये हवा असेल तर स्क्रिप्ट ‘सोर्स’ करावी लागते, म्हणजे तिच्यातल्या ओळी शेलने स्वतः वाचायच्या. पायथन भाषेचे ‘व्हेन्व्ह’ हे स्वतंत्र वातावरण सुरू करताना नेमके हेच करतात. पासवर्डऐवजी वापरायच्या किल्ल्या सांभाळणारा ‘एसएसएच-एजंट’ तर गमतीदार युक्ती करतो. त्याला आपल्या शेलची नोंद बदलता येत नाही, म्हणून तो बदलाच्या कमांड छापून देतो आणि त्या चालवण्याचे काम शेलवर सोपवतो.

विंडोजवर ‘सेट’ आणि ‘सेटएक्स’ या जुळ्या वाटणाऱ्या कमांडनी अनेकांना रडवले आहे. ‘सेट’चा परिणाम चालू खिडकीपुरता. ‘सेटएक्स’चा परिणाम नेमका उलटा, म्हणजे फक्त यापुढे उघडणाऱ्या खिडक्यांवर. जावा शिकणारा विद्यार्थी सूचनेप्रमाणे ‘पाथ’ बदलतो, त्याच खिडकीत कमांड देऊन पाहतो आणि ‘कमांड सापडली नाही’ हा संदेश वाचून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. त्याहून वाईट म्हणजे ‘सेटएक्स’ १०२४ वर्णांच्या पुढचा मजकूर कापून टाकते. तशी सूचना येते, पण कापलेले आधीच जतन झालेले असते. लांबलचक ‘पाथ’ असलेल्या संगणकावर ही एक ओळ चालवली की कालपर्यंत चालणारे निम्मे प्रोग्राम सापडेनासे होतात. इंटरनेटवर उतरवून घेतलेल्या कित्येक ‘सोप्या पायऱ्यां’त हा इशारा नसतो.

‘पाथ’ हे व्हेरिएबल आहे तरी काय? कमांडचे नाव टाइप केल्यावर ती कोणकोणत्या फोल्डरांत आणि कोणत्या क्रमाने शोधायची याची ती यादी. एकाच नावाचे दोन प्रोग्राम असतील तर यादीत आधी असलेल्याचा मान. संगणकावर पायथनच्या तीन आवृत्त्या असतील तर ‘पायथन’ म्हटल्यावर कोणती धावून येणार, ते इथे ठरते. युनिक्स घराण्यात या यादीत एक जुना सापळाही आहे. यादीतले फोल्डर अपूर्णविरामाने वेगळे करतात. शेवटी चुकून एक अपूर्णविराम उरला, तर त्यापुढची रिकामी जागा म्हणजे ‘आत्ता ज्या फोल्डरात आहोत ते’ असा अर्थ होतो. मग कोणी त्या फोल्डरात ओळखीच्या कमांडच्या चुकीच्या स्पेलिंगचा प्रोग्राम ठेवून दिला, तर टाइप करताना बोट घसरल्याबरोबर तो चालतो.

वेळापत्रकानुसार काम करणारी ‘क्रॉन’ ही यंत्रणा आणि प्रशासकाचे अधिकार देणारी ‘सूडो’ ही कमांड वातावरणाच्या बाबतीत मुद्दाम कंजूष आहेत. ‘क्रॉन’ बहुधा दोनच फोल्डरांचा तुटपुंजा ‘पाथ’ देते. ‘सूडो’ मूळ रचनेतच बहुतेक व्हेरिएबल पुसून टाकते. हाताने चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित चालते आणि रात्री आपोआप चालताना पडते, ही तक्रार त्यामुळेच इतकी सार्वत्रिक आहे. ‘सूडो’चा कंजूषपणा मात्र समजून घेण्यासारखा आहे. ‘एलडी_प्रीलोड’ नावाच्या व्हेरिएबलमधून कोणत्याही प्रोग्रामात बाहेरचा कोड घुसवता येतो. सामान्य वापरकर्त्याने ठेवलेली अशी नोंद प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामपर्यंत पोहोचली, तर कुलूप असूनही दार उघडे राहील.

क्लाउडवर काम करणाऱ्यांसाठी धोका आणखी थेट आहे. ‘एडब्ल्यूएस_प्रोफाइल’ हे व्हेरिएबल अॅमेझॉनच्या क्लाउडमधले कोणते खाते वापरायचे ते सांगते, ‘क्यूबकॉन्फिग’ कोणत्या क्लस्टरवर हुकूम पाठवायचा ते. शेजारी शेजारी दोन काळ्या खिडक्या उघड्या असतात. एकीत चाचणीचे खाते, दुसरीत ग्राहकांचा खरा डेटा असलेले. दिसायला दोन्ही सारख्याच. ‘हे पुसून टाक’ ही कमांडही सारखीच. सकाळी कधीतरी केलेला ‘एक्स्पोर्ट’ संध्याकाळी लक्षात असेलच असे नाही.

२०१४ मध्ये ‘शेलशॉक’ने काय केले?

व्हेरिएबल ही केवळ निरुपद्रवी नोंद असते, हा समज २४ सप्टेंबर २०१४ रोजी कायमचा मोडला. त्या दिवशी ‘बॅश’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या शेलमधील दोष जाहीर झाला. तो शोधला होता स्टेफान शाझेलास यांनी. दोष १९८९ पासूनचा, म्हणजे २५ वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

‘बॅश’मध्ये अशी सोय होती की एखादे फंक्शन, म्हणजे कमांडचा छोटा संच, व्हेरिएबलमध्ये घालून लेकरू शेलकडे पाठवता येई. नवा ‘बॅश’ सुरू होताना सगळी व्हेरिएबल चाळून पाही आणि फंक्शनसारखी दिसणारी किंमत असेल तर तिची व्याख्या वाचून घेई. चूक अशी की व्याख्या संपल्यानंतर त्याच किमतीत आणखी काही कमांड लिहिल्या असतील, तर त्याही तिथल्या तिथे चालत.

बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरचे व्हेरिएबल कसे बदलता येईल, असे कोणालाही वाटेल. उत्तर वेब सर्व्हरच्या एका जुन्या रिवाजात होते. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर आपली ओळख सांगतो. ‘सीजीआय’ या पद्धतीत वेब सर्व्हर ती ओळख जशीच्या तशी एका व्हेरिएबलमध्ये घालून प्रोग्रामच्या हाती देतो. त्या ओळखीच्या जागी कोणी फंक्शनचा आभास आणि पुढे आपला हुकूम लिहून पाठवला की काम फत्ते. पासवर्ड नको, फाइल अपलोड करणे नको. दोष जाहीर झाल्यानंतर काही तासांतच हल्ले सुरू झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय असुरक्षितता कोशाने त्याला १० पैकी १० गुण दिले. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, मग पुढच्या काही दिवसांत एकामागून एक दुरुस्त्या आल्या. अँड्रॉइड फोन बहुतांशी वाचले, कारण त्यांत ‘बॅश’ नसून ‘एमकेएसएच’ हा वेगळा शेल असतो.

नंतर फंक्शन पाठवण्यासाठी विशिष्ट ठेवणीची नावे सक्तीची करण्यात आली, म्हणजे कोणत्याही व्हेरिएबलमधील मजकूर फंक्शन समजला जाणार नाही. इतकी वर्षे ही सोय वापरात होती, तरी ब्राउझरकडून आलेला मजकूर या वाटेने आत येऊ शकतो, हा धागा वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांनी आणि शेल लिहिणाऱ्यांनी एकत्र पाहिला नव्हता.

गुप्त किल्ल्या इथेच का ठेवतात?

२०११ च्या सुमारास हेरोकू या कंपनीशी संबंधित अभियंत्यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ नावाने काही शिफारशी मांडल्या. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड अशा गोष्टी कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवाव्यात, ही त्यांतली एक. कोड सार्वजनिक झाला तरी गुपित फुटू नये, हा हेतू चांगला होता आणि पद्धत रूढ झाली. पण शिदोरीचा नियम इथेही लागू पडतो. सुरू होणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या प्रोग्रामच्या हाती सगळ्या किल्ल्यांचा जुडगा पडतो, त्याला त्यांची गरज असो वा नसो.

याची प्रचीती २०२१ मध्ये आली. ‘कोडकव्ह’ ही कंपनी सॉफ्टवेअरच्या चाचण्या कोडचा किती भाग तपासतात, हे मोजून देते. त्यासाठी ग्राहकांच्या स्वयंचलित चाचणी यंत्रणेत तिची एक ‘बॅश’ स्क्रिप्ट चाले. हल्लेखोराने तिच्यात बदल केला. ३१ जानेवारी २०२१ पासून ती स्क्रिप्ट जिथे जिथे चाले, तिथली सगळी व्हेरिएबल गोळा करून बाहेरच्या सर्व्हरवर पाठवू लागली. १ एप्रिलला हे उघडकीस आले ते एका जागरूक ग्राहकामुळे. उतरवून घेतलेल्या स्क्रिप्टचा पडताळणी क्रमांक प्रसिद्ध केलेल्या क्रमांकाशी जुळत नाही, हे त्याने कळवले. दोन महिने ती चालू होती. हॅशिकॉर्पसारख्या कंपनीला आपले सॉफ्टवेअर अस्सल असल्याची खूण करणारी किल्ली बदलावी लागली.

दस्तावेजात काय लिहिलेले असावे?

युनिक्सच्या जगात प्रत्येक कमांडची माहिती देणारे ‘मॅन पेज’ असते आणि त्यात ‘एन्व्हायर्नमेंट’ असा वेगळा भाग ठेवण्याची जुनी प्रथा आहे. पॉझिक्स या मानकात तर प्रत्येक कमांडच्या वर्णनात कोणती व्हेरिएबल तिच्यावर परिणाम करतात, यासाठी ठरलेले शीर्षकच आहे. अडचण अशी की हा भाग बहुधा तळाशी असतो. कमांड चुकीचे उत्तर देत असताना माणूस वरचे पर्याय तपासतो, तळाशी जात नाही. ‘सॉर्ट’च्या ग्नू आवृत्तीच्या लेखकांनी म्हणून पानावर ठळक इशाराच छापला आहे की क्रम वातावरणातील भाषेवर अवलंबून आहे आणि पारंपरिक क्रम हवा असेल तर ‘एलसी_ऑल’ची किंमत ‘सी’ करावी. तो इशारा किती लोकांच्या किती तक्रारींनंतर आला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

नुसती नावांची यादी पुरत नाही. समजा व्हेरिएबल अस्तित्वातच नाही, किंवा आहे पण रिकामे आहे. या दोन स्थिती सारख्या की वेगळ्या? ‘नो_कलर’ या व्हेरिएबलचे उदाहरण बोलके आहे. टर्मिनलवरील रंग बंद करण्यासाठीचा हा २०१७ चा संकेत म्हणतो की किंमत रिकामी नसेल तर ती काहीही असो, रंग बंद. म्हणजे ‘नो_कलर’ची किंमत शून्य केली तरी रंग बंदच होतात. सामान्य बुद्धीला हे उलटे वाटते, पण संकेतात ते स्पष्ट लिहिलेले असल्याने वाद होत नाही.

दुसरा प्रश्न अग्रक्रमाचा. ‘गिट’ला एडिटर निवडायचे असते तेव्हा तो आधी ‘गिट_एडिटर’ पाहतो, मग आपल्या सेटिंगची फाइल, मग ‘व्हिज्युअल’ आणि शेवटी ‘एडिटर’. अॅमेझॉनच्या कमांड साधनात ओळीत दिलेला पर्याय सर्वांत वरचढ, त्याखाली व्हेरिएबल आणि मग फाइल. दोन्ही ठिकाणी हे लिहून ठेवलेले आहे. ज्या साधनांच्या दस्तावेजात ते नसते, तिथे फाइलीत केलेला बदल लागू का होत नाही याचा शोध घेण्यात दिवस जातो आणि शेवटी कुठल्यातरी जुन्या ‘एक्स्पोर्ट’चा पत्ता लागतो.

व्हेरिएबल बदलणाऱ्या कमांडची जबाबदारी वाचणाऱ्या साधनापेक्षा जास्त आहे, असे म्हणावे लागेल. दस्तावेजात मात्र तीच बाजू बहुतेक वेळा लंगडी असते. या बाबतीत पायथनचे ‘व्हेन्व्ह’ बरेच प्रामाणिक. ते ‘पाथ’च्या पुढे आपले फोल्डर जोडते, ‘व्हर्च्युअल_एन्व्ह’ ही नोंद करते, जुना ‘पाथ’ बाजूला जपून ठेवते आणि ‘डीअॅक्टिव्हेट’ म्हटल्यावर सगळे पूर्ववत करते. शिवाय टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला वातावरणाचे नाव दाखवते, त्यामुळे आपण कुठे आहोत हे विसरता येत नाही. ‘गिट’च्या दस्तावेजातही अशी एक कळीची नोंद आहे. ठरावीक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या ‘हुक’ स्क्रिप्टना ‘गिट’ स्वतः ‘गिट_डीआयआर’सारखी व्हेरिएबल देतो, त्यामुळे हुकमधून दुसऱ्याच प्रकल्पात ‘गिट’ कमांड चालवायची असेल तर ती आधी पुसावीत, असे तिथे बजावले आहे. ती नोंद न वाचता दुसऱ्या फोल्डरात गेलेली स्क्रिप्ट तिथे काम करतेय असे दिसते, बदल मात्र पहिल्याच प्रकल्पात करते.

कधी कधी व्हेरिएबलच काढून टाकणे हा शहाणपणा ठरतो. मजकुरात शोध घेणाऱ्या ‘ग्रेप’ कमांडला आपले आवडते पर्याय कायमचे जोडता यावेत म्हणून ‘ग्रेप_ऑप्शन्स’ होते. सोय छान होती. पण एका वापरकर्त्याच्या आवडीमुळे दुसऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्टमधील ‘ग्रेप’ वेगळे वागू लागे आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला त्याचा सुगावा लागत नसे. २०१४ च्या आवृत्तीपासून ‘ग्रेप’ हे व्हेरिएबल दिसताच इशारा देऊ लागले. २०२० च्या आवृत्तीपासून त्याकडे पाहणेच बंद केले. मधली सहा वर्षे लोकांना सवय मोडायला दिली होती.

तपासायचे कसे?

‘एन्व्ह’ किंवा ‘प्रिंटएन्व्ह’ असे टाइप केले की त्या खिडकीतील सर्व नोंदी दिसतात. विंडोजवर नुसते ‘सेट’. ती यादी जशीच्या तशी कोणाला मदतीसाठी पाठवू नये, तिच्यात किल्ल्या असू शकतात. संशय आल्यास ‘एन्व्ह -आय’ लावून तीच कमांड रिकाम्या वातावरणात चालवून पाहता येते. तिथे उत्तर बदलले तर दोष वातावरणात आहे, हे निश्चित.

डेबियनमधून २०१३ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ या उपक्रमाने तर यालाच चाचणीची पद्धत बनवले. एकच सॉफ्टवेअर दोनदा तयार करायचे. एकदा एका कालविभागात आणि एका भाषेत, दुसऱ्यांदा ‘टीझेड’ आणि भाषेची व्हेरिएबल मुद्दाम बदलून. मग दोन्ही फाइली बाइट न बाइट ताडून पाहायच्या. फरक आढळला तर कुठल्यातरी साधनाने वातावरणातील काहीतरी गुपचूप उचलले आहे, असा त्याचा अर्थ. बऱ्याचदा गुन्हेगार निघे ती फाइलीत छापलेली आजची तारीख. त्यावर जो उपाय निघाला तोही एक नवे व्हेरिएबलच आहे, ‘सोर्स_डेट_इपॉक’. त्याची किंमत म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांचा पूर्णांक. ते ठेवलेले असेल तर सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या साधनांनी घड्याळाकडे न पाहता तोच आकडा तारीख म्हणून वापरायचा, असे त्याच्या लेखी नियमांत नमूद आहे.